गुझमानिया सोलापुरात जगतं, पण बोअरच्या पाण्यावर नाही

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दसऱ्याला उरुळी कांचनच्या एका रोपवाटिकेतून लाल तुऱ्याचं गुझमानिया हे शोभेचं झाड आणलं आणि जुळे सोलापुरातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये ठेवलं. आता एप्रिलमध्ये तुरा तपकिरी पडलाय, पानांची टोकं बोटभर वाळलीत, पानांच्या बुडांमध्ये पाणी साठतं त्या मधल्या पेल्यात पांढरी कडा धरलीय. बुडाशी दोन कोंब आलेत, ते ठेवायचे की काढायचे ते कळत नाही. सासूबाई म्हणतात यात डास होतील. आणि सांगोल्याचे तुमचे दीर रविवारी डाळिंबावरचं बुरशीनाशक आणून मारून देतो म्हणालेत.

शेवटच्या गोष्टीचं उत्तर आधी देतो, कारण रविवार जवळ आहे. दिरांना थांबवा. त्यांचा हेतू चांगला आहे, पण डाळिंबावर तेल्या रोगासाठी आणि द्राक्षावर केवडा रोगासाठी आपल्याकडे जी औषधं मारतात, त्यात बोर्डो मिश्रण आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड ही नेहमीची. दोन्हीत तांबं आहे. डाळिंबाला ते मानवतं. गुझमानिया ज्या ब्रोमेलिया कुळातलं आहे, त्या कुळाला तांबं अजिबात सोसत नाही. औषध पेल्यात उतरतं, तिथे मधला कोवळा कोंब असतो, तो कुजतो आणि झाडाची वाढ कायमची थांबते. नुसतं तांब्याचं औषध टाळून भागणार नाही, तो पंपसुद्धा या झाडासाठी वापरू नका. टाकीच्या तळाशी आणि नळीत राहिलेला अंशही त्रास देतो. झाडाला पाणी शिंपडायला वेगळी, नवी, लहान बाटली ठेवा.

हे मी वाढवून सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्रिनिदाद बेटावर हिवतापाने लोक हैराण झाले होते. तिथल्या कोकोच्या बागांत सावलीसाठी आपल्या पांगाऱ्याच्याच प्रजातीतली मोठी झाडं लावलेली असत. त्या झाडांच्या फांद्यांवर ब्रोमेलियाची गर्दी, आणि त्यांच्या पेल्यांत साठलेल्या पाण्यात हिवताप पसरवणारा ॲनोफेलिस बेलेटर हा डास वाढत होता. उपाय म्हणून त्या झाडांवर मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या क्षाराचं पाणी फवारलं गेलं. ब्रोमेलिया मेले आणि सावलीची झाडं तगली. या कुळाला मारायला माणसाने मुद्दाम निवडलेलं औषध तांब्याचंच होतं.

त्याच ओघात घरातलं एक सांगतो. रात्री तांब्याच्या कळशीत भरून ठेवलेलं पाणी सकाळी झाडांना घालायची सवय बऱ्याच घरांत असते. तुळशीला घाला, याला नको. पाण्यात तांबं सोडणारे आरओ हल्ली मिळतात, तुमचा तसा असेल तर तेही पाणी याच्यासाठी धरू नका.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. तुमच्या रोपाला रोग झालेला नाही. तुरा तपकिरी होणं आणि पानांची टोकं वाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नैसर्गिक आहे, तिचं पुढे बोलतो. दुसरी पाण्यामुळे झालीय, आणि पेल्यातली पांढरी कडा हा तिचा पुरावा आहे.

हे झाड मुळात कुठलं ते पाहिलं की सगळं उलगडतं. गुझमानियाच्या २०० हून अधिक जाती आहेत. फ्लोरिडाचं दक्षिण टोक, वेस्ट इंडीज, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर-पश्चिम भाग हा त्यांचा मुलूख, आणि सर्वांत जास्त जाती कोलंबिया-इक्वादोरच्या अँडीज पर्वतउतारांवरच्या ढगाळ रानांत. रुइझ आणि पावोन या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८०२ मध्ये ही प्रजाती मांडली आणि अनास्तासिओ गुझमान या आपल्या देशबांधवाचं नाव तिला दिलं. यातली बहुतेक झाडं जमिनीत उगवत नाहीत, मोठ्या वृक्षांच्या फांद्यांवर बसतात. बांडगुळासारखं यजमानाचं काही शोषत नाहीत. मुळं फक्त धरून बसण्यापुरती. पाणी आणि अन्न यांचं काम पानं करतात. पानांच्या बुडांचा मिळून पेला होतो, त्यात पाऊस आणि धुकं साठतं, पालापाचोळा पडून कुजतो, आणि पानांवरचे डोळ्याला न दिसणारे खवले ते पाणी आणि त्यातलं खाद्य आत घेतात.

त्या रानात पेल्यात पडतं ते पावसाचं पाणी. त्यात क्षार जवळजवळ नाहीतच. शिवाय पाऊस वरचेवर पडतो आणि पेला वाहून धुतला जातो. आपल्याकडे वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत. उरलेले आठ महिने आपण पेल्यात ओततो ते इमारतीच्या टाकीतलं पाणी. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून बहुतेक सोसायट्यांत त्यात बोअरचं मिसळलेलं असतं. सोलापूरच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, १००० च्या पुढे जाणं नवलाचं नाही. हिशोब करून बघा: ८०० टीडीएसचं पाणी पेल्यात भरलं, एप्रिलच्या उन्हाळ्यात दोन दिवसांत निम्मं उडालं, तर राहिलेलं १६०० झालं. वरून पुन्हा तेच ८०० चं भरलं. पाणी हवेत जातं, क्षार एक कणही जात नाहीत. महिन्याभरात पेल्यातलं पाणी झाडाला पाजायच्या लायकीचं राहत नाही. पांढरी कडा ती हीच. क्षार पानाच्या टोकाशी साठतात आणि टोक जळतं.

मग पाणी कुठलं? पावसाचं सर्वांत चांगलं, आणि या झाडाला ते आश्चर्य वाटेल इतकं कमी लागतं. आठवड्याला एक लिटर धरलं तर वर्षाला पन्नास-बावन्न लिटर झालं. एक चौरस मीटर स्लॅबवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळतं. म्हणजे दहा बाय दहा फुटांच्या गच्चीवर सप्टेंबरची २० मिलिमीटरची एक सर आली तरी दीडशे लिटरांच्या वर पाणी जमतं. आपल्याकडे सप्टेंबरात पाऊस बऱ्यापैकी होतो, तेव्हाच भरून ठेवा. पहिला पाऊस सोडून द्या, त्यात धूळ आणि पारव्यांची घाण असते. नव्या जस्ती पत्र्यावरून आलेलं पाणीही घेऊ नका, या कुळाला जस्तही सोसवत नाही. प्लास्टिकच्या पिंपात भरून वर कापड घट्ट बांधा.

आत्ता एप्रिलमध्ये पाऊस कुठून आणायचा, हे बरोबर. तोवर घरच्या साध्या आरओचं गाळलेलं पाणी चालेल. टीडीएस १०० च्या आसपास किंवा खाली असला की पुरे, मोजायचं पेनासारखं यंत्र दोन-तीनशे रुपयांत मिळतं. आरओतून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र चुकूनही नाही, गाळलेल्या पाण्यातले सगळे क्षार त्याच्यात गोळा झालेले असतात. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की सुधारतं असं अनेकजण सांगतात. त्याने क्लोरीन उडतो, क्षार तिथेच राहतात. उकळल्याने थोडा चुना तळाशी बसतो, बाकी काही नाही. पाणी मऊ करणारं यंत्र बसवलेलं असेल तर ते चुन्याच्या जागी सोडियम सोडतं, ते या झाडाला आणखी वाईट. आणि एसीच्या नळीतून गळणारं पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी ते तांब्याच्या नळ्यांवरून येतं, म्हणून मी ते वापरायला सांगत नाही.

आजच करायचं काम: कुंडी आडवी करून पेला पूर्ण रिकामा करा. आरओचं पाणी भरा, तासाभराने ओता, असं तीनदा करा. पांढरी कडा लिंबू-व्हिनेगरने घासू नका. ती राहिली तरी चालेल, नवी चढू नये एवढंच बघायचं. वाळलेली टोकं कात्रीने तिरकी कापा, पण वाळक्या भागाची बारीक रेघ ठेवून. हिरव्यात कापलं की तिथून पुन्हा वाळतं. जळलेलं टोक परत हिरवं होत नाही, म्हणून सुधारणा झाली की नाही हे नव्या पानांवरून ठरवा.

पाण्याच्या जोडीला हवा. अननस याच कुळातला, मग तो कडक उन्हात शेतात तगतो आणि हे हॉलमध्ये का सुकतं? अननस पानांवरची छिद्रं रात्री उघडतो, दिवसा मिटून घेतो, त्यामुळे त्याचं पाणी दुपारच्या झळांत उडत नाही. गुझमानियाच्या बहुतेक जाती छिद्रं दिवसा उघडतात, कारण त्यांच्या रानात दुपारीही हवा ओलसर असते. गुझमानिया मोनोस्टॅकिया ही एक जात दुष्काळ पडला की अननसाच्या रीतीवर जाऊ शकते, तिच्यावर वनस्पतिशास्त्रज्ञांनी बराच अभ्यास केलाय. पण दुकानात मिळतात ती बहुधा संकरित रोपं, त्यांच्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे हवेतला ओलावा पंचवीस टक्क्यांच्या खाली येतो आणि पारा ४२ च्या वर जातो. त्या हवेत हे झाड दिवसभर घाम गाळत बसतं.

इथे सोलापूरकरांकडे एक सोय आहे, आणि ती एसीपेक्षा चांगली आहे: कूलर. एसी हवा आणखी कोरडी करतो, वाळ्याचा किंवा हनीकोंबचा कूलर ती ओलसर करतो. कूलरच्या खोलीत झाड ठेवा, पण झोत थेट पानांवर नको, बाजूच्या कोपऱ्यात सहा-सात फुटांवर. कूलरच्या टाकीतलं पाणी मात्र झाडाला घालू नका. तिथेही तोच उडण्याचा खेळ चालू असतो, वाळ्यावर साचणारा पांढरा थर बघितलाच असेल.

उजेड भरपूर हवा, ऊन नको. पूर्वेच्या खिडकीत सकाळी आठपर्यंतचं कोवळं ऊन चालतं, त्यानंतर पडदा. पश्चिमेची बाल्कनी मार्च ते जून या झाडासाठी नाहीच. हिवाळ्याची काळजी करू नका, आपली थंडी घरात याला बाधत नाही.

साखर पेठ, अशोक चौक अशा यंत्रमागांच्या भागात कुणी हे झाड ठेवलं असेल तर त्यांच्यासाठी एक जादा सूचना. हवेतला सुताचा बारीक लोंबा पेल्यात उतरतो, भिजतो, आणि कोंबाशी चिकटून कुजतो. तिथे दर चार दिवसांनी पेला ओतून ओल्या मऊ कापडाने पानं पुसायला हवीत.

सासूबाईंची शंका रास्त आहे, ती उडवून लावू नका. डेंगीचा एडिस डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, कडक उन्हाळ्यात त्याहूनही कमी. म्हणून दर चौथ्या-पाचव्या दिवशी पेल्यातलं सगळं पाणी ओतायचं, नवं भरायचं. घरातली भांडी-टाक्या कोरड्या करायचा आठवड्याचा वार ठरलेला असेल तर त्या दिवशी हे झालंच पाहिजे, आणि मधे एकदा. नुसती वरून भर टाकली की अळ्या तशाच राहतात. क्षार धुण्यासाठी हेच करायचं आहे, त्यामुळे एका कामात दोन्ही होतं. पेला काठोकाठ भरू नका, पाव भाग पुरे. डासांसाठी पेल्यात तेल किंवा रॉकेलचा थेंब टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पानांचे खवले तेलाने बुजतात आणि झाड मरतं.

कुंडीतल्या मातीबद्दल फार लिहायची गरज नाही. आपली काळी माती यात नको, मुळं गुदमरून कुजतात. धुऊन घेतलेलं कोकोपीट, नारळाच्या सालीचे तुकडे, थोडा लोणारी कोळसा, इतकं पुरतं. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून नक्की काढा, त्यातही क्षार असतात. कुंडीतलं मिश्रण दमट राहावं, चिखल नको. खत पावसाळ्यातच: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा, पानांवर शिंपडून. सूक्ष्म अन्नद्रव्यांची मिश्रणं टाळा, त्यात तांबं, जस्त आणि बोरॉन असतं, आणि बोरॉनने याच्या पानांची टोकं हमखास जळतात.

आता तुऱ्याचं. तुम्ही जे लाल बघून घेतलं ती फुलं नव्हती, फुलांभोवतीची रंगीत पानं, म्हणजे पुष्पपत्रं होती. खरी फुलं त्यांच्या आत पांढरी-पिवळसर, बोटाच्या पेराएवढी, दोन-चार दिवस टिकणारी. लाल रंग रानात गुंजनपक्ष्यांना बोलावण्यासाठी. दसऱ्यापासून एप्रिलपर्यंत तुरा टिकला म्हणजे त्याने त्याचा पूर्ण काळ भोगला. हे रोप आयुष्यात एकदाच फुलतं, त्याला पुन्हा तुरा येत नाही, आणि फुलल्यावर ते हळूहळू संपतं. वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागतं.

टेंभुर्णी-करमाळ्याकडे केळी पाहिल्या असतील तुम्ही. घड उतरला की तो खांब संपला, पुढचं पीक बाजूच्या मुनव्यावर. इथेही तसंच आहे, आणि ते दोन कोंब म्हणजे तुमचे मुनवे. त्यांना हात लावू नका! या घडीला तुमच्या कुंडीतली सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे.

तुऱ्याचा दांडा जितका खालून जमेल तितका कापा, म्हणजे आईची, म्हणजे मूळ झाडाची, उरलेली ताकद पिल्लांकडे, त्या कोंबांकडे जाईल. आईची पानं हिरवी आहेत तोवर तिला ठेवा, तिच्या पेल्यात पाणी राहू द्या, ती पिल्लांना पोसते. पिल्लं आईच्या निम्म्याइतकी झाली आणि बुडाशी मुळं दिसली की वेगळी करता येतात. गुझमानियाची पिल्लं बऱ्याचदा पानांच्या बेचक्यातून येतात, काढताना मोडतात, म्हणून मी तर सांगेन की काढूच नका. आई पूर्ण वाळली की तिची पानं एकेक करून ओढून काढा, पिल्लं त्याच कुंडीत जागा धरतील. वेगळी करायचीच असतील तर उन्हाळ्यात नको, जुलै-ऑगस्टच्या ओलसर हवेत, धारदार स्वच्छ सुरीने, आणि काप दिवसभर सावलीत सुकवून मग लावा. त्या कापावर बोर्डोची पेस्ट लावायचा मोह दिरांना होईल. नको म्हणायचं.

पिल्लू फुलायच्या वयाला यायला दीड ते तीन वर्षं लागतात. ते पूर्ण वाढल्याची खूण म्हणजे पानं आईच्या पानांएवढी लांब झालेली असतात आणि पेला रुंद भरलेला असतो. तरीही घरात आपणहून तुरा येईलच असं नाही. रोपवाटिकांत तो वायूने आणतात. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो, आणि तो या कुळाला फुलायचा इशारा देतो. नवरात्र ते दिवाळीच्या दरम्यान, उन्हाचा ताप ओसरलेला असताना हे करा: पेला पूर्ण रिकामा करा, कुंडीत मातीवर एक पिकलेलं सफरचंद ठेवा, सगळं झाड मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून तोंड बांधा, आणि उजेडाच्या पण उन्हाबाहेरच्या जागी आठ-दहा दिवस ठेवा. एप्रिल-मेमध्ये हे करू नका, पिशवीत झाड शिजेल. पिशवी काढल्यावर नेहमीसारखं पाणी सुरू करा. दोन-तीन महिन्यांनी, म्हणजे जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास, पेल्याच्या तळाशी रंग दिसायला लागतो. रोप अजून लहान असेल तर काहीच होत नाही, तेव्हा घाई न करता वर्षभर थांबून पुन्हा करा.

तुमच्या दिरांच्या गोदामात बहुधा इथ्रेलही असेल. डाळिंबाचा बहार धरताना पानगळीसाठी ते फवारतात, आणि त्यातून निघतो तो हाच वायू. अननसाचे बागायतदार एकाच वेळी फळ यावं म्हणून तेच औषध २५ पीपीएम (दहा लाख भागांत २५ भाग) इतक्या हलक्या प्रमाणात प्रत्येक रोपाच्या कोंबात ओततात. डाळिंबावर मारायचं प्रमाण त्याच्या पंधरा-वीस पटींहून जास्त असतं. घरात एका रोपासाठी इतकं बारीक मोजमाप करणं कठीण आणि चुकलं तर पिल्लू जातं, म्हणून सफरचंदच बरं. कार्बाइडची पुडी तर कुणाकडूनही घेऊ नका, फळं पिकवायलाही तिच्यावर बंदी आहे आणि घरात ती धोक्याची आहे.

इतका सांभाळ नको वाटत असेल तर याच कुळातली बिलबर्जिया आणि निओरेगेलिया ही दोन सोलापूरच्या उन्हाळ्याला जास्त तोंड देतात. निओरेगेलियाच्या पानांना काटेरी कडा असते, घरात लहान मूल असेल तर उंचावर ठेवा. तांबं मात्र त्यांनाही वर्ज्यच.

रविवारी दीर आलेच तर त्यांच्याकडून एक मदत नक्की घ्या. शेततळ्यात किंवा गच्चीवर पावसाचं पाणी साठवलेलं असेल, त्यात कुठलं औषध मिसळलेलं नसेल, तर टीडीएस मोजून दोन कॅन आणायला सांगा. जूनपर्यंत तेवढं पुरेल.